जावेच्या ताटातला भात

आमच्या घरी तान्ह्या मुलांसाठी वेगळं काही शिजत नसे. पापनाशमला अप्पा एका राईस मिलच्या खळ्यावर उकडलेल्या साळी वाळवायच्या कामाला होते, अम्मा तिथंच पाखडायला जायची, आणि आम्ही पाच भावंडं. दूध यायचं ते पेलाभर, त्यात अप्पांची कॉफी व्हायची. धाकटा भाऊ सात महिन्यांचा झाला तेव्हा अम्मानं त्याच्या तोंडात घातला तो रात्री पाणी घालून ठेवलेला भात. मीठ घालून कुसकरलेला, आणि त्याला तळलेल्या सांडगी मिरचीचा शेंडा नुसता टेकवलेला. तो रडायचा, नाक गळायचं. अम्मा म्हणायची, "रडू दे. दुसऱ्या घासाला गप्प बसतो." आणि तो खरंच बसायचा. आलेगेले कौतुक करायचे, की काय दिलं तरी खातं हे पोर. मला त्यात कौतुक दिसत नसे. खातं, कारण दुसरं काही नाही, एवढं मला नवव्या-दहाव्या वर्षीच कळत होतं.

पुढं मी कॉलेजात गेले. आमच्या दोन्ही कुळांत पहिलीच. सकाळच्या पॅसेंजरनं तंजावूर गाठायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. बी.कॉम. झाले, तमिळ आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, तंजावूरातल्या एका कचेरीत लागले. याचा मला अभिमान होता. अजून आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लग्न तंजावूरातल्याच, आमच्यासारख्याच पिढ्यानपिढ्या तिथं राहिलेल्या मराठी घरात झालं. मुलगा झाला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की याच्या तोंडाला मिरचीचा शेंडा लागणार नाही.

नव्वदीची वर्षं होती. पूर्वी बाळांच्या खाण्याचा एखादा डबा मेडिकलमध्ये विचारून घ्यावा लागे. आता दुकानात खोक्यांची रांगच लागली होती. गहू-सफरचंद, तांदूळ-भाज्या, आणखी काय काय. खोक्यावर एक गुलाबी बाळ असायचं, आणि संध्याकाळी केबलवर तेच बाळ हसायचं. मी पगार झाला की दोन खोकी आणायची. पाणी उकळून, कोमट करून, मोजून पावडर, छोटा स्टीलचा चमचा. बोलणं मराठी असलं तरी घरात वाचता येई ते तमिळच, म्हणून वेळापत्रक तमिळमध्ये लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं होतं, म्हणजे मी कचेरीत असताना सासूबाईंची अडचण नको.

त्याच घरात माझी धाकटी जाऊ होती. तिरुवैयारुची, आठवीत शाळा सोडलेली. तिची मुलगी माझ्या मुलाहून पाच आठवड्यांनी लहान.

आता खरं सांगायचं ते इथून पुढं. मला तिचा मत्सर वाटत होता. आधी थोडा होता, मग पुष्कळ झाला. माझा मुलगा चमचा दिसला की मान फिरवायचा. तोंड मिटून घ्यायचा, तांदूळ-भाज्यांचा लगदा हनुवटीवरून झबल्यावर. आणि तिकडं जावेची मुलगी सहाव्या महिन्यात साराची वरची निवळ प्यायली, हिंग आणि मिऱ्याची. आठव्यात मेथीचा तडका दिलेली डाळ. नवव्यात रसवांगी, म्हणजे आमच्याकडची चिंच-नारळाची वांगी. दहाव्यात तिनं वत्तकुळंबू खाल्लं. वाळवलेल्या सुंडक्कायचं, चिंचेचं, काळपट, तिळाच्या तेलाचं कालवण ते. सुंडक्काय म्हणजे वाटाण्याएवढी कडू वांगीच, मोठी माणसंही नाक मुरडतात. त्या पोरीच्या डोळ्यांना पाणी आलं, तिचं अंग शहारलं, आणि मग तिनं आईच्या बोटाला लागलेलं उरलंसुरलं चाटून घेतलं. सासरे हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "ही आपल्या घरातली." माझा मुलगा तिथंच बसला होता, गळ्याला रुमाल बांधून. त्याच्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. तेच मला लागलं.

सासूबाईंनी कारणही शोधून काढलं होतं. बाळंतपणात आमच्याकडं आईला अंगायपोडी खायला घालतात. सुंडक्काय, कडुलिंबाची फुलं, सुंठ, मिरी, जिरं, हिंग, सगळं भाजून कुटलेलं. गरम भात, त्यावर ही पोडी आणि तूप. जावेनं चाळीस दिवस निमूट खाल्ली. मी दोन दिवसांत ताट सरकवलं होतं, कुठल्याशा मासिकात वाचून की याची गरज नसते. "तू पोडी खाल्ली नाहीस," सासूबाई म्हणायच्या, "दुधातून त्याला चव गेलीच नाही. आता चमच्यानं कुठं जाणार?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बरणीतून थोडी पोडी एका बाटलीत भरून घेतली आणि कचेरीत जेवणाच्या सुट्टीत भातावर घालून खाऊ लागले. सकाळ-संध्याकाळ मी अजून अंगावर पाजत होते, तेवढी आशा होती. बी.कॉम. झालेली बाई, अकरा महिन्यांच्या मुलासाठी चोरून बाळंतिणीची पोडी खाते आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वास ओळखला. हळूच तमिळमध्ये विचारलं, "काय हो, पुन्हा काही विशेष?" मी बाटली बंद केली. नंतर आठवडाभर सगळ्या कचेरीनं मला पंख्याखालची खुर्ची दिली.

पोडीचा उपयोग झाला की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. त्याच सुमारास एका संध्याकाळी घरी आले, मुलाला उचललं, त्याची बोटं गालाला लावली, तर हिंग आणि चिंचेचा वास. तोंड स्वच्छ धुतलेलं होतं, पावडरही लावली होती. पण नखांच्या कडा पिवळ्या. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, देवाची हळद लागली असेल. जाऊ पाट्यावर खोबरं वाटत होती, तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी तासाची परमिशन काढून घरी आले. मागच्या दारानं. जाऊ जमिनीवर मांडी घालून जेवत होती, समोर ताट, ताटात वत्तकुळंबू-भात. एका मांडीवर तिची मुलगी, दुसऱ्या मांडीवर माझा मुलगा. त्याचं नाक गळत होतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो दोन्ही हातांनी खात होता. मी त्याला तसं खाताना कधी पाहिलं नव्हतं. घरात दुसऱ्या कुणाला ती नवलाई उरली नसावी, कारण सासूबाई बाजूला बसून सुपारी कातरत होत्या.

मी म्हणाले, डॉक्टरांनी वर्षाच्या आत तिखट सांगितलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर काय खाऊन मोठा झाला? खोक्यातलं?"

जाऊ उठून हात धुवायला गेली. मुलगा तिच्या मागं रांगत गेला. माझ्याकडं आला नाही.

मला तिखटाची भीती नव्हती. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं. सात महिन्यांच्या भावाला मिरचीचा शेंडा लावलेला मी पाहिला होता आणि तो भाऊ आता ट्रॅक्टर चालवत होता. माझा जळफळाट वेगळा होता. माझा मुलगा घरचं अन्न खात होता, फक्त माझ्या हातचं खात नव्हता. मी कमावत होते ते त्याच्यासाठी, आणि त्याला भूक लागली की तो तिचा पदर शोधत होता. मी घरात फर्मान काढलं की त्याला खोक्यातलंच द्यायचं. जावेनं ऐकलं. दोन दिवस तो उपाशीपोटी किरकिरला, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझं वेळापत्रक दारावरून काढून चुलीजवळ पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मी ते पुन्हा चिकटवलं नाही.

मग जावेच्या भावाचं लग्न ठरलं आणि ती मुलीला घेऊन पंधरा दिवसांसाठी तिरुवैयारुला गेली. मी आठवड्याची रजा टाकली. मनात म्हटलं, आता पाहू. पहिल्या दिवशी मी स्वतः सार केलं, वरची निवळ काढून भात मऊ कुसकरला, तूप घातलं, आणि चमच्यानं भरवलं. त्यानं मान फिरवली. चमचा टाकून हातानं भरवलं. मान फिरवली. दुसऱ्या दिवशी वत्तकुळंबू केलं. त्यानं घास तोंडात घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि हळूहळू बाहेर सोडला. कावळे, चिमण्या, रस्त्यावरच्या ऑटो, सगळं दाखवून झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नुसताच माझ्या खांद्यावर पडून राहिला. मी घाबरले. जावेचा एक ब्लाऊज वाळत राहिला होता, तो पिशवीत घातला आणि तो द्यायचं निमित्त करून मुलाला घेऊन तिरुवैयारुची बस पकडली.

तिचं घर नदीकडच्या रस्त्याला. परसात बायका लग्नाचे अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, वाळत घालत होत्या. मला पाहून जावेला आश्चर्य वाटलं असणार, पण तिनं दाखवलं नाही. ब्लाऊज घेतला, मुलाकडं पाहिलं. तो तिच्याकडं झेपावला. तिनं घेतलं, आणि मी बसच्या गर्दीबद्दल काहीतरी बोलू लागले. ती ऐकत राहिली. शेवटी मलाच विचारावं लागलं. तो शब्द माझ्या तोंडातून निघायला किती वेळ लागला ते मला ठाऊक आहे.

"तू त्याला कसं भरवतेस?"

ती गोंधळली. "मी कुठं भरवते, अक्का?" ती म्हणाली. "मी माझं जेवते. ती दोघं येऊन बसतात आणि माझ्या ताटातलं पळवतात. माझंच पोट भरत नाही."

मग म्हणाली, "तुम्ही जेवायला बसता तेव्हा तो येत नाही का?"

सकाळी मी त्याला भरवून धावत बस गाठायची, डबा कचेरीत खायची. संध्याकाळी आधी त्याचं खाणं, मग पुरुषांची पानं वाढायची, मग त्याला निजवायचं, मग उरलंसुरलं मी उभ्या उभ्या. रजेच्या तीन दिवसांतही मी तेच केलं होतं. त्याच्यापुढं वाटी धरून बसले होते, स्वतः एक घास न घेता. माझ्या मुलानं मला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

ती हसली नाही, याबद्दल मी तिला मानते. आत जाऊन पान वाढून आणलं, माझ्यापुढं ठेवलं. तिच्या आईच्या हातचं सुंडक्कायचं कालवण, भात, वर तेल. मुलाला तिनं खाली सोडलं आणि स्वतः अप्पळम उलटायला निघून गेली. मी जेवायला लागले. भूक होतीच. तो आधी पानाच्या कडेला बसला, मग माझ्या मनगटाला धरून उभा राहिला आणि माझा घास कुठं जातो ते पाहू लागला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही, ते सर्वांत अवघड होतं. चौथ्या की पाचव्या घासाला त्यानं पानात हात घातला. खाल्लं, खोकला, डोळे चोळले, म्हणून ते आणखी झोंबले. मी पाणी पाजलं. तो रडला, रडता रडता पुन्हा हात पानात.

जाऊ पंधरा दिवसांनी परत आली, आणि आल्या दुपारी तो तिच्याच मांडीवर जाऊन बसला. मला तेव्हाही वाईट वाटलं. पुढं कित्येक महिने वाटत राहिलं, ते काही एका पानावर धुऊन निघालं नाही. पण मी घरातला एक नियम बदलला. संध्याकाळी कचेरीतून आले की आधी माझं पान, जमिनीवर, सगळ्यांच्या आधी. सासरे दोनदा घसा खाकरले. सासूबाई म्हणाल्या, "शिकलेल्या सुनेची पंगत पहिली." मी म्हणाले, हो.

माझा मुलगा दीड वर्षाचा झाला तेव्हा घरात शिजेल ते सगळं खात होता, सार, रसवांगी, सुंडक्काय, पिठलं. दुपारी जावेबरोबर जेवायचा. संध्याकाळी माझ्याबरोबर, माझ्या ताटात.