आईचं प्रभुभोजन

मामा वारल्यापासून आईनं प्रभुभोजन घेतलं नव्हतं. चर्चमध्ये भाकर आणि प्याला फिरू लागला की ती मान खाली घालून बसायची. मनात कुणाबद्दल अढी असेल तर हात पुढे करायचा नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. अढी होती मामीबद्दल. आई तेव्हा टेंभुर्णीला होती. ती मामाच्या गावी, मंद्रूपला, पोचेपर्यंत मामीनं माती देऊन टाकली. आईला भावाचं तोंडही दिसलं नाही.

यंदा आता इलाज नाही म्हणून दवाखान्यातून आईला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी चंगच बांधला. प्रभुभोजनावाचून ती अशी उपाशी जाणार नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "भाकर-प्याला घेऊन मी कधीही येतो. पण त्या दोघींच्या मध्ये कोण उभं राहणार?"

"ते तुमचं काम की!"

"प्रत्येक विश्वासणाऱ्याचं आहे, ताई. आपण सगळे याजक, म्हणजे पुरोहितच, हे मी दर रविवारी उगाच सांगतो का?"

मला रागच आला. झगा यांनी घालायचा आणि उन्हात मी हिंडायचं! चिडतच स्कूटी काढली आणि मंद्रूप गाठलं.

मामी दारात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"तिनं बोलावलंय व्हय?"

"नाही. मीच आलेय."

"मग जा की माघारी. उन्हाळ्याचं दिस, मयत किती येळ ठेवणार? मला कुणी इचारलं का?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मी उंबऱ्यावरच बसकण मारली. "तुम्ही चला म्हणेपर्यंत मी उठत नाही."

दुपार कलली. शेवटी तिनं सूप आपटलं. "आईवर गेलीस अगदी. हट्टी!" आणि चपला शोधू लागली.

घरी आल्यावर ती आईच्या उशाशी उभी राहिली. "वन्सं, लई वाट बघितली तुमची. ठेवता आलं न्हाय ओ."



पाळकसाहेब आले. प्रार्थना झाली. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला आणि आईनं ओठ मिटून घेतले. एवढं करून हे असं?

आईनं बोट उचललं. "वहिनीच्या हातानं."

पाळकसाहेबांनी ताट मामीपुढे धरलं. मामीनं पदराला हात पुसले, तुकडा उचलला. आईनं तोंड उघडलं.