बाळंतिणीचं पाणी बारवेवरच

आमच्या गावची बारव बुजवायची ठरली, ते मला दारात भाजी निवडताना शेजारणीकडून कळलं. बोरीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून लिंब, चिंच, वडाची राई आहे आन तिच्या पोटात ही दगडी पायऱ्यांची बारव. तिथं म्हणे लग्नाचा हॉल होणार. जागा पुरावी म्हणून राईही तोडणार. देवीची राई, म्हणून तिच्यातली वाळकी काडीसुद्धा आमच्याकडं कुणी चुलीत घालत नाही, आन ह्या पंचायतवाल्यांनी अख्खी राई आडवी करायची ठरवली! माझं डोकंच फिरलं.

गेली काही वर्षं आम्ही आळीतल्या बायका आन शाळेतले दोन गुरुजी दर रविवारी तिथं राबत होतो. दारूच्या बाटल्या, कुजका पाला, देवांच्या फुटक्या तसबिरी, सगळं टोपल्यांनी वर काढलं. राईत घुसलेली घाणेरीची काटेरी झुडपं उपटून हात सोलले. लोक दात काढायचे, "काय बाई, गुप्तधन घावलं का?" गाळ निघाला तसे झरे मोकळे झाले. तळाला नितळ पाणी दिसलं, तेव्हा मी लहान लेकरासारखी रडले.

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "वापरात न्हाई ती. कोण जातंय तिथं?"

मी ताडकन उठले. "आमी जातोत. आन आता बाळंतिणी बी जाणार हायेत."

बाळंतिणीनं सव्वा महिना पाणी भरायचं नाही, मग बारवेवर जाऊन पाणी पुजायचं, हा आमचा रिवाज. बारवेचा उकिरडा झाला, तशा बायका प्लास्टिकच्या टाकीच्या तोटीला हळद-कुंकू लावायला लागल्या. तोटीची ओटी भरायची, काय म्हणावं ह्याला! माझी लेक तेव्हा बाळंतपणाला माझ्याकडंच होती. घरी येऊन तिला सांगितलं, तुझं पाणी बारवेवरच पुजायचं.

तिचा सव्वा महिना भरला आन आम्ही पूजेला निघालो, नेमकं त्याच सकाळी जेसीबी आलं. सरपंचांनी मुद्दाम तो दिवस धरला का, देव जाणे. आम्ही गाणी म्हणत खाली उतरलो आन अख्खी आळी पायऱ्यांवर बसली.

सरपंच काठावरून ओरडले, "काकू, वर या. मशीन खोळंबलंय."

"खोळंबू द्या की! बाळंतीण पाणी पुजायलीय, दिसंना का तुमाला?"

लेकीनं सात खडे मांडले, हळद-कुंकू वाहिलं, बाळाच्या टाळूला पाणी लावलं. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं आन चिंचेखाली जाऊन बसला.

"झालं न्हवं?" सरपंच म्हणाले. "उठा आता. आज न्हाई तर उद्या काम करतोच मी."

"उद्या कसं?" मागून एक म्हातारी म्हणाली. "उद्या माझ्या सुनेचं पाणी हाय."

"त्याच्या पुढं माझ्या लेकीचं," दुसरी बोलली.

मला लय जोर चढला. "गावात लेकरं जन्मायची थांबली, की या मशीन घेऊन!"

बायका खदाखदा हसल्या. सरपंच लालबुंद झाले, काही बोलणार तेवढ्यात त्यांचीच सून पोट सावरत पायऱ्या उतरायला लागली. दुसऱ्या खेपेची पोरगी, सासऱ्यापुढं कधी तोंड न उघडणारी. माझ्या शेजारी येऊन बसली, पदर नीट केला आन वर बघत म्हणाली,

"मामा, माझं दिवाळीनंतर हाय. मी हितंच येणार."