रांजणाच्या पोटातल्या वहिनी

बूडबघे मुलगी बघायला पहिल्यांदा वहिनींच्या माहेरी गेले, तेव्हा त्यांनी हातातला कप उलटा करून त्याचं बूड पाहिलं. पाहण्यात काही गैर नव्हतं. गैर एवढंच, की कपात चहा होता. तो सगळा वहिनींच्या थोरल्या भावाच्या मांडीवर गेला आणि भाऊ जो ताडकन उठला, तो थेट नळाखाली.

आतल्या खोलीत वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या.

"हाच," त्या आईला म्हणाल्या.

"हाच कसला? डोक्यावर पडलाय तो."

"म्हणूनच. शहाणे सगळे येऊन गेलेत."

बूडबघे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. मातीची भांडी भाजणाऱ्या भट्टीवाल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव, पण असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. मातीचं कुठलंही भांडं हातात आलं की हा गृहस्थ आधी ते उलटं करणार, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवणार, आणि मग सरळ करून तोंडाकडे बघणार. ते म्हणायचे, "तोंडाला सगळे रंग फासतात. बुडाला झिलई नसते, तिथे माती उघडी असते. ओळख तिथून करून घ्यायची."

त्यांचा मूळ धंदा पासपोर्ट फोटोंचा. अरुंद रस्त्यावर एक खोलीचं दुकान, मागे निळा पडदा, एक स्टूल, एक आरसा आणि आरशाला बांधलेला कंगवा. "मान सरळ, हनुवटी खाली, डोळे उघडे." दिवसभर हेच. एके दिवशी एक धिप्पाड बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाडगा घेऊन आल्या. कोपरापर्यंत माती, आवाज खडा. त्या भट्टीवाल्या ताई. गावाबाहेर त्यांची स्वतःची भट्टी होती आणि कुठल्याशा प्रदर्शनाला पाठवायला त्यांना वाडग्याचा फोटो हवा होता.

बूडबघ्यांनी वाडगा स्टुलावर बसवला आणि माणसासारखाच काढला फोटो. दुसऱ्या दिवशी ताईंनी तो उजेडात धरला. वाडग्याच्या चकचकीत पोटात सगळं दुकान उतरलं होतं. दिवा, दार, उलटी पाटी, आणि मधोमध कॅमेऱ्यामागे वाकलेले खुद्द फोटोग्राफर, कपाळासकट.

"मी वाडग्याचा फोटो मागितला होता," ताई म्हणाल्या. "तुमच्या दुकानाची जाहिरात नव्हे."

हे बूडबघ्यांना लागलं. असं लागलं की पुढचं सगळं आयुष्य ते त्याच एका वाडग्याला उत्तर देत राहिले, म्हटलं तरी चालेल. लग्न झाल्यावर त्या कामात वहिनीही ओढल्या गेल्या.

काम काय, तर चादर धरायची. झिलईचं भांडं म्हणजे गोल आरसा. समोर जे असेल ते सगळं गिळतं आणि पोटावर दाखवतं. म्हणून एका बाजूला खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर, आणि स्वतः बूडबघे काळ्या कापडात, फक्त कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. चादर वहिनींनी दोन्ही हातांनी उंच धरायची. पण चादर ताठ धरली की तिच्या घड्या आणि सुरकुत्या झिलईत जशाच्या तशा उमटायच्या. ती जराशी थरथरत राहिली, तर कॅमेऱ्याचा डोळा उघडा असेपर्यंत सगळ्या सुरकुत्या पुसल्या जायच्या आणि भांड्यावर दुधाच्या सायीसारखी मऊ चकाकी यायची.

"जरा हलव," ते पहिल्यांदा म्हणाले.

वहिनींनी सतरंजी झटकावी तशी चादर झटकली. ट्रायपॉड आडवा.

"अगं, जरा म्हणजे जरा!"

"मग तुम्हीच धरा ना. मी काढते फोटो."

त्यावर बूडबघ्यांनी शोधलेला उपाय जगातल्या कुठल्या स्टुडिओत असेल असं वाटत नाही. ते बटण दाबायचे आणि त्याच क्षणी, काळ्या कापडातून, अगदी गंभीर आवाजात विचारायचे, "काय गं, तुझ्या भावाची पँट वाळली का?"

वहिनी फुटायच्या. हसू दाबून धरल्यामुळे अंग हलायचं, अंगाबरोबर हात, हातांबरोबर चादर. नेमकी हवी तेवढी. वर्षानुवर्षं तोच विनोद. भाऊ आजोबा झाला, तरी पँट काही वाळली नाही.

एकच भानगड राहिली. हात भरून आले की चादर खाली सरकायची आणि तिच्यावर वहिनींचं डोकं यायचं. मग त्या रांजणाच्या, सुरईच्या, बशीच्या कडेला एवढासा काळा ठिपका उमटायचा. वहिनींना तो ठिपका खुपायचा.

"पुन्हा आले मी! आणि नेमके केस विंचरले नव्हते आज. काढा की पुन्हा."

"उजेड गेला."

"कुठे गेलाय? तो काय बाहेर लख्ख."

"तो वेगळा उजेड," असं म्हणून बूडबघे सामान आवरायला लागायचे.

सुट्टीच्या दिवशी दोघं ताईंच्या भट्टीवर जायची. भट्टी उघडल्यावर भांडी निवताना बारीक आवाज करतात, टिंग, टिंग, झिलई थंड होताना ताणली जाते त्याचा. बूडबघे कान देऊन बसायचे. तो आवाज पार थांबेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचे नाहीत. "बोलणं चाललंय त्यांचं. मध्ये तोंड घालू नये." ताई आणि वहिनी तिकडे सावलीत बसून जगाची उणीदुणी काढत असायच्या, त्यांच्या बोलण्यात मात्र कुणाचीच तोंड घालायची टाप नव्हती.

हळूहळू आसपासच्या सगळ्या भट्ट्यांची भांडी त्यांच्या कॅमेऱ्यापुढे येऊन गेली. फुटायची ती फुटली, विकायची ती विकली गेली, फोटो राहिले. प्रत्येक भांड्याचे दोन, एक समोरून आणि एक बुडाचा. बुडाच्या फोटोत करणाऱ्याची खूण असायची. भिंतीवर चित्र टांगलं की खाली चितारणाऱ्याचं नाव लिहितात, मातीचं भांडं मांडलं की खाली लिहितात 'भांडं'. जणू ते झाडाला लागलं होतं! एका गुळगुळीत मासिकाने ताईंच्या सुरईचा फोटो असाच छापला, सोफ्याशेजारी, आणि नाव दिलं सोफ्याच्या दुकानाचं. बूडबघे त्या दिवशी जेवले नाहीत. ते बघून वहिनींचं डोकं फिरलं. त्या मासिकाच्या कचेरीत गेल्या आणि संपादकाच्या टेबलावरची पेन ठेवायची बरणी उचलून, पेनं सांडून, तिचं बूड त्याच्या नाकासमोर धरलं.

"वाचा. काय लिहिलंय?"

"इथे... काहीतरी खूण आहे."

"खूण नाही, माणूस आहे तो. पुढच्या अंकात छापा."

छापलं. मुकाट्याने छापलं.

बूडबघे गेले ते शांतपणे, जसे जगले तसेच. दुखणं थोडं, गडबड नाही. शेवटच्या दिवसांत औषधाचा पेला रिकामा झाला की उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "साच्यातला आहे. याला माहेर नाही."

त्यानंतर संग्रहालयाच्या बाई घरी आल्या. मृदू बोलणाऱ्या, कामाच्या पक्क्या. बूडबघ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं, आणि दारातून आत येताच समोर असणार होता ताईंचा मोठा निळा रांजण, दरवाजाएवढा करून. तो रांजण नेता नेता रस्त्यातच फुटला होता. ताईंच्या हातून तसा पुन्हा झाला नाही. होता तो फक्त या फोटोत.

वहिनींनी फोटो पाहिला आणि आधी काय पाहिलं, तर ठिपका.

"दरवाजाएवढा करणार? म्हणजे मी केवढी दिसणार?"

"नारळाएवढं डोकं दिसेल," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"पुसा मग. आजकाल कॉम्प्युटरवर पुसता येतं सगळं. त्या दिवशी मी घरातल्या जुन्या गाऊनमध्ये होते, केसांचं टोपलं झालेलं. आयुष्यभर त्यांच्या फोटोत डाग म्हणून राहिले, आता भिंतीवर तरी नको. लोक म्हणतील, चांगला कलाकार होता, बायकोने घाण केली."

बाईंना ते पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण घरच्या माणसाचा शब्द. "तुम्ही सांगाल तसं," त्या म्हणाल्या. "छापून झाले की बघायला या. तुमच्या होकाराशिवाय टांगणार नाही."

वहिनी ताईंना घेऊन गेल्या. नवे कोरे कपडे, केस चापूनचोपून. दालनात दोन मोठे फोटो भिंतीला टेकवून ठेवले होते, एक पुसलेला, एक तसाच. बाई म्हणाल्या, "शेजारी ठेवून बघा, म्हणून दोन्ही केले."

पुसलेला रांजण स्वच्छ होता. चकाकीची कड सरळ, ट्यूबलाइटसारखी.

"छान झालाय," ताई म्हणाल्या. आवाजात जीव नव्हता.

"छान झालाय, तर तोंड का वाकडं?"

"माझं तोंड तसंच आहे जन्मापासून. तुम्ही तो दुसरा बघा, वहिनी."

वहिनी दुसऱ्यासमोर गेल्या. चष्मा चढवला. घरातल्या तळहाताएवढ्या फोटोत जो काळा ठिपका असायचा, तो इथे डोकं झाला होता. केसांचं टोपलं, खरंच. खाली चादरीची साय. आणि मधे तोंड, पुरतं उघडं, डोळे मिटलेले, जरासं हललेलं. ती बाई हसत होती. पोट धरायला हात मोकळे नाहीत म्हणून सगळ्या अंगाने हसत होती.

वहिनी जवळ गेल्या. मग मागे आल्या. मग बाईंना म्हणाल्या, "बाकीच्यांतसुद्धा?"

"जिथे जिथे तुम्ही आहात, तिथे सगळीकडे," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? माझे डोळे मिटलेले!"

ताई खो खो हसल्या. वहिनी मात्र रांजणाकडेच बघत होत्या. पुन्हा काढा म्हटलं की त्या माणसाचा उजेड दर वेळी कुठे जायचा, ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. लबाड! काळ्या कापडात बसून सगळं बघत होता, आणि एका शब्दाने बोलला नाही. त्यांना राग आला, आणि तो राग त्यांना फार आवडला.

"हा टांगा," त्या म्हणाल्या. "आणि जिथे जिथे पुसलं असेल, तिथे परत आणा मला."

"नक्की?"

"नक्की म्हणजे! चादर काय हवेत उभी होती?"

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी झाली. दारातच निळा रांजण, शेजारी त्याच्या बुडाचा फोटो, खाली ताईंचं नाव ठळक अक्षरात. टाय घातलेले एक गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनाच विचारलं, "इथे कडेला एक डाग राहिलाय. तुम्हाला दिसतोय का?"

"दिसतोय ना," वहिनी म्हणाल्या. "मीच आहे ती."

गृहस्थांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. "कशाला हसताय एवढ्या?"

"माझ्या भावाची पँट," वहिनी म्हणाल्या, आणि पुढे त्यांना बोलताच येईना.

ताईंनी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि चहा आणून दिला. कप जाडसर होता, हातावर घडवलेला, कडेला झिलईचा ओघळ. वहिनींनी तो दोन्ही हातांत धरला. बूड बघायची घाई झाली होती, पण त्यांनी आधी शेवटच्या घोटापर्यंत चहा पिऊन संपवला. त्या काही बूडबघ्यांइतक्या वेड्या नव्हत्या. मग कप उलटा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला.