साहेबाच्या बंगल्यातलं सारवण

लाकडाची जमीन शेणाने सारवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. बावीस वर्षांची, पदर कमरेला खोचलेली, आणि आपल्या हातून काहीतरी थोर घडतंय अशा तोऱ्यात गुडघ्यांवर बसलेली. आज भेटली तर तिच्या हातातलं शेणाचं घमेलं काढून घेईन आणि आधी एक टपली मारीन. पण ती आता माझ्यातच कुठेतरी बसली आहे, त्यामुळे टपली मलाच बसते.

सत्तर-एकाहत्तरचा हिवाळा होता. लग्नाला आठ महिने झाले होते. नेवाशाच्या आमच्या घरात माणसं इतकी, की नवऱ्याशी दोन वाक्यं बोलायची तर आडावर पाणी काढताना बोलावी लागत. हे शाळेत इतिहास शिकवायचे. दोघांनीच कुठे फिरायला जायचं, ही गोष्ट सासऱ्यांसमोर काढायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात सासूबाईंना खोकला झाला आणि वैद्य म्हणाले, हवापालट करा. तो खोकला ह्यांनी असा झेलला म्हणता! "आईला चार दिवस भंडारदऱ्याला नेतो. हिलाही घ्यावं लागेल, स्वयंपाकाला." म्हणजे मधुचंद्र माझा, खोकला सासूबाईंचा आणि निमित्त आमटीभाताचं.

उतरायला बंगला मिळाला तो ह्यांच्या हेडमास्तरांच्या ओळखीने. धरणाच्या कामावर आलेल्या एका गोऱ्या साहेबाने तो स्वतःसाठी बांधला होता. साहेब गेला, मागे बरीच वर्षं तिथे वटवाघळं नांदली. मग नाशिकच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याने तो घेतला, दुरुस्त केला आणि सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना चार-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायला लागला. लाकूडवालाच तो. त्याचा सगळा जीव त्या घराच्या जमिनीत. जेवणाच्या दालनाला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सागवानी फळ्या, मेण लावून अशा घासलेल्या की खिडकीतलं तळं त्यांत दिसायचं.

आम्ही पोचलो तो बाजाराचा दिवस. घराची राखण करणारं जोडपं मागच्या दोन खोल्यांत राहायचं. बायको राजूरच्या बाजाराला गेलेली. राखणदाराने किल्ल्या दिल्या आणि तोही धरणाकडे निघाला. जाता जाता म्हणाला, "बाई येईस्तवर च्या करून घ्या. चूल मागं हाय."

मी मागची चूल बघायला गेले आणि चुलीशेजारी कोंबडीची पिसं दिसली. खरं सांगायचं तर दोन. पण घरात परत येईपर्यंत माझ्या डोक्यात त्यांचा अख्खा खुराडा झाला होता.

आता हे सोवळं माझ्या अंगात आलं कुठून? माहेरी, बेलापूरला, आमच्याकडे त्याचा फारसा बाऊ नव्हता. वडील स्टँडवरची भजी कागदासकट घरी आणत. पण सासरच्या माणसांपेक्षा आपण दोन बोटं जास्त सोवळ्या निघालो तर कौतुक होईल, असं मी मनाशी घेतलं होतं. सासूबाईंनी तर बसमधून उतरल्यावर थेट पलंग गाठला. "काही करत बसू नकोस गं, दशम्या आहेत बरोबर," म्हणाल्या आणि घोरायलाही लागल्या. हे खिडकीशी उभे होते. मला म्हणाले, "चल, पाणी बघून येऊ."

"तुम्ही व्हा पुढे. मला कामं आहेत."

मधुचंद्राला आलेल्या बाईचं हे उत्तर! ते एकटेच गेले.

मी ठरवलं, मागच्या चुलीला हात लावायचा नाही. बरोबर आणलेला स्टोव्ह दालनाच्या कोपऱ्यात मांडायचा. आणि स्टोव्ह मांडायचा तर आधी जागा शुद्ध करायला नको? आमच्याकडे जागा शुद्ध करायची म्हणजे शेणाने सारवायची. नेवाशाच्या मातीच्या जमिनीला ते शोभायचं. ही जमीन लाकडाची आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. पाय घसरत होता, तोंड दिसत होतं. पण डोक्यात एकदा सारवण शिरलं की शिरलं. गोठ्यात गाय होती, ताज्या शेणाचा पो होता. घमेलंभर पाण्यात कालवला आणि ऐसपैस हात फिरवत खिडकीपर्यंत गेले. फटींतून पाणी खाली ठिबकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, वा, किती छान निथळतंय! वर रांगोळीने गोपद्मंही काढली.

राखणदाराची बायको डोक्यावर पाटी घेऊन आली ती दारातच थांबली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पाटी तिने उतरवली नाही, तशीच बघत राहिली.

"वैनी, ह्ये काय केलं?"

"सारवलं," मी अभिमानाने म्हणाले.

"लाकूड?"

तिने पाटी खाली टाकली, पदर ओढला आणि पदरानेच पुसायला बसली. मेण पांढरं पडलं होतं, शेणाचं पाणी फळ्यांत मुरून हिरवटपिवळे ढग उठले होते. पुसून काही होईना तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि मग मला सगळं कळलं. आम्ही गेलो की त्याच दिवशी दुपारी मालक नाशकाहून येणार होता. दर पाहुण्यामागे येतो, बूट काढून पायमोज्यांनी घरभर चालतो आणि आधी जमीन बघतो.

"आदीच्या राखनदारानं शेगडी ठिवली हुती. रुपायाएवढा डाग पडला. आठ दिसांत भाईर काडला त्याला." तिने खिडकीतून पाण्याकडे हात केला. "आमचं श्येत त्याच्या खाली हाय, वैनी. सासऱ्याच्या वक्ताला गेलं. आता हितनं काडलं तर गाय घिऊन कुटं जायाचं?"

मीही पदराने पुसायला लागले.

"मालक आल्यावं तुमी सांगाल न्हवं, तुमी केलं म्हून?"

"सांगेन की," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच आठवलं, आमची परतीची गाडी सकाळी दहाची आहे आणि मालक येतो दुपारी. ते तिलाही माहीत असणार. ती पाटी उचलून मागे गेली.

पुढचे तीन दिवस मी एका जागी बसले असेन तर शपथ. त्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत मी चटई टाकली आणि घरात कुणी नसलं की ती उचलून बघायची. चिंच चोळली, ताक चोळलं, राख लावली. प्रत्येक औषधाने दुखणं वाढलं. दुसऱ्या सकाळी दोन फळ्या कडेने वर आल्या, पापड भाजताना वळतो तशा. मी त्यांच्यावर पाट ठेवून वर बसले. व्हरांड्यात यायचं, पाण्याकडे बघायचं, पाणी डोळ्यांना टोचायचं, पुन्हा आत. वाऱ्याने दार वाजलं तरी मालक आला वाटायचं.

ह्यांनी दोन दिवसांत मला धबधबा, धरणाची भिंत आणि करवंदीच्या जाळ्या दाखवायचं ठरवलं होतं.

"चल की. आई झोपली आहे."

"नको. पाय दुखतोय."

"काल पाठ दुखत होती."

"आज पाय."

बिचारे चटईसमोर खुर्ची टाकून बसले आणि साहेबाने हे घर कसं बांधलं असेल ते मला सांगायला लागले. सागवान कुठून आलं असेल, बैलगाड्यांनी घाट कसा चढला असेल. "ही जमीन बघ, इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाही," म्हणाले. मी पाटावर घट्ट बसून राहिले. त्यांना वाटलं, ही रुसली आहे. रात्री त्यांनी कशाबद्दल तरी माझी माफीही मागितली. मी ती मोठ्या मनाने दिली! लाज म्हणून काही असते, ती मला कुणी शिकवलीच नव्हती बहुतेक.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई पलंगावर दिसेनात. शोधत मागे गेले तर राखणदाराच्या ओट्यावर बसून नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होत्या. त्याच चुलीवरची भाकरी. माझ्या दोन पिसांच्या चुलीवरची.

"आई! अहो, तिथे कोंबडी..."

"असेल. मी भाकरी खातेय, कोंबडी नाही." त्यांनी बोट चाटलं. "रोज खातेय. खोकला पळाला माझा. तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस म्हणजे झालं."

म्हणजे ज्यांच्यासाठी मी ते थोर सारवण केलं, त्या पहिल्या दिवसापासून मागच्या दाराने जेवत होत्या. राखणदाराची बायको तव्यावर दुसरी भाकरी टाकत माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, तुमी बी बसा की." मी बसले नाही. कुठल्या तोंडाने बसणार? तिच्या हातचं खायला नको म्हणून तर एवढं करून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी राखणदार आमची ट्रंक डोक्यावर घेऊन गावाकडे पुढे निघाला. त्याची बायको पायरीवर उभी होती. मला वाटलं, ही आता आठवण करून देईल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: गाडी चुकेल, मी पत्र लिहीन. ती "सावकाश जावा," एवढंच म्हणाली.

गाडीत बसलो. ड्रायव्हर चहा पीत होता. मी खिडकीशी बसले, मग कडेला बसले, मग उभी राहिले.

"बाकावर मुंग्या आहेत का?" ह्यांनी विचारलं.

"मी जेवणाचं दालन सारवलं," मी म्हणाले.

"काय केलंस?"

"शेणाने. पहिल्या दिवशी. आज मालक येणार आणि त्या बाईला काढणार. मी सांगते म्हणाले होते तिला. मी उतरते."

हे तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होते. इतिहासाच्या मास्तरांना मी पहिल्यांदाच गप्प केलं होतं. "म्हणजे तीन दिवस तू त्या पाटावर..." एवढं म्हणून थांबले. त्यांना हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं.

मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी चटई उचलून पाहिली मी. म्हटलं, बघू तरी ही कधी बोलते ते. फार वेळ लावलास बाई. उतर आता. पुढची गाडी चारला आहे, आणि मला भूकही लागली आहे."

आम्ही चढाने परत पोचलो तेव्हा मालकाची गाडी दारात उभी होती. लवकरच आला होता. मी धापा टाकत दालनात शिरले. चटई भिंतीला लावलेली, मालक पायमोज्यांवर, आणि राखणदाराची बायको मान खाली घालून समोर. चार दिवस माझं नाव तिच्या ओठावर असणार, पण तिने ते घेतलं नव्हतं.

"मी सारवलं," मी दारातूनच ओरडले.

मालक वळला. लहानखुरा, चष्मेवाला माणूस. "काय केलंत?"

"सारवलं. शेणाने."

"सागवान?"

"सागवान आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. लाकूड आहे ते माहीत होतं."

तो खाली बसला आणि वर आलेल्या फळीवरून हात फिरवला, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. मग तिला म्हणाला, "आणि तू कुठे होतीस?"

"त्या बाजारात होत्या," मीच म्हणाले. "त्यांचे यजमान धरणावर, हे पाण्याकडे, सासूबाई झोपलेल्या. त्या घरी असत्या तर त्यांनी माझा हात धरला असता. चिंच मी लावली, ताकही मीच लावलं. तुम्हाला कुणाला घालवायचं असेल तर..." पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

"तर तुम्हाला घालवू? तुम्ही तर निघालाच आहात."

"आम्ही चारपर्यंत आहोत," ह्यांनी मागून सांगितलं.

मालकाने आमच्यामागून ट्रंक परत घेऊन आलेल्या राखणदाराकडून फुटक्या कंदिलाची काच मागवली, तिचे तुकडे केले, एक मला दिला, एक तिला. फळीच्या रेषांच्या दिशेने कसं खरवडायचं ते दाखवलं. "आडवं नाही, उभं. भुसा निघेल तेवढाच. वर आलेल्या फळ्यांना मी सुतार पाठवीन." आणि तिला म्हणाला, "सुतार गेला की ह्या बाजूला मेण दोनदा लावायचं. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा बघेन."

पुढच्या महिन्यात. ती माझ्याकडे बघत होती. तिनेही तेच ऐकलं होतं. डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि गुडघे टेकून बसली. मीही शेजारी बसले. हे खुर्चीवर बसून बघायला लागले, सासूबाई भाकरीच्या शोधात मागे गेल्या.

काच बोटांत रुतत होती. लाकडाचा बारीक पांढरा भुसा मनगटापर्यंत चढला. अर्ध्या तासात माझा हात ढिला पडला. तिने कोपराने मला ढोसलं.

"वैनी, जोर लावा की. शेन लावताना लई जोर हुता!"