तात्पुरती वायर

आमची पिकअप फक्त पावसात बिघडायची, आणि वर्कशॉपमध्ये पाऊस पडत नसतो. माझं आणि त्या लोकांचं सगळं भांडण एवढंच होतं.

पिकअप मी घेतली ती भाजीसाठी. साउथहॅम्प्टनच्या बाहेर, प्लास्टिकच्या लांब बोगद्यांत मी मेथी, चवळई, मुळा आणि अंबाडी पिकवते. शनिवारी सकाळी माल भरून लंडनला, एजवेअरला नेते. तिथे आपल्या लोकांची घरं ठरलेली आहेत. उपटलेल्या मेथीला धीर नसतो. दुकानातली मेथी विमानातून येते आणि घरी जुडी सोडली की काड्याच जास्त निघतात, म्हणून लोक माझी वाट पाहतात. म्हणजे, गाडी वेळेवर पोचत होती तोवर पाहत होते.

पहिल्यांदा झालं ते मोटरवेवर. मुसळधार पाऊस, मागे भाजी, आणि एकदम समोरचे सगळे दिवे लागले. इंजिनाचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, आणखी दोन-तीन असे की ते कशाचे हे मला आजही माहीत नाही. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. तो एकाच गिअरला चिकटून बसला. इंजिन किंचाळतंय, गाडी सायकलच्या वेगाने चाललीय आणि मागचे लॉरीवाले आपापल्या परीने माझा उद्धार करतायत. कशीबशी सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे मोटरवेच्या कडेच्या थांब्यावर आणली, बंद केली, चहा प्यायले, पुन्हा सुरू केली. एक दिवा नाही, सगळे गिअर सुरळीत. गाडी अशी शहाण्यासारखी वागायला लागली की मलाच खोटं पडल्यासारखं झालं.

हे पुन्हा झालं, मग पुन्हा. गाडी नवी, वॉरंटीतली, म्हणून दर वेळी वर्कशॉपला नेली. तिथल्या काउंटरवर एक टोकदार बुटांचा माणूस बसतो. दुसऱ्या दिवशी तो फोन करायचा.

“कुड नॉट रिप्रोड्यूस, आय ॲम अफ्रेड.”

“पावसात चालवून पाहिलीत का?”

“लॅपटॉपला लावून पाहिली, मॅडम. शी इज लव्हली.”

लव्हली! आमच्या आजोळी एक देवऋषी होता. तो नाडी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा. इथे नाडीच्या जागी वायर आहे आणि डोळे मिटायचं काम लॅपटॉप करतो, एवढाच फरक. देवऋषी निदान कोंबडं तरी मागायचा. यांनी बॅटरी बदलली, मग कसलासा सेन्सर बदलला, मग सॉफ्टवेअर अपडेट केलं. प्रत्येक उपायानंतर पुढचा पाऊस येईपर्यंत गुण यायचा. एकदा तो टोकदार बुटांचा माणूस मला “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणाला. इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की समजावं, याला काहीही कळलेलं नाही.

इकडे एजवेअरला माझी अब्रू चालली होती. तिथल्या सगळ्या घरांची ऑर्डर एक काकी गोळा करतात. पंच्याहत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. लागोपाठ दोन शनिवार माझी फेरी चुकली. आदल्या खेपेची सुकलेली भाजी कंपोस्टमध्ये टाकून मी आठवड्याच्या मधेच, कोरड्या उन्हात, नवी भाजी घेऊन माफी मागायला गेले. काकी दारातच उभ्या होत्या.

“गाडी घेतलीस तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं होतंस का?”

“आम्ही लिंबू ठेवत नाही, काकी.”

“तुमचं माहितीये मला. पण गाडीला कुठे माहितीये?”

मी जुड्या मोजून दिल्या. त्यांनी एक एक उलटून पाहिली.

“हे बघ, मी स्पष्ट बोलते. या शनिवारी नाही आलीस, तर लेस्टरच्या माणसाला सांगणार. त्याची व्हॅन खटारा आहे, पण येते. बायका मला विचारतात, तुला नाही विचारत.” एवढं बोलून आत गेल्या आणि एक लिंबू आणून माझ्या हातावर ठेवलं. “पटत नसलं तरी राहू दे.”

त्यांचं वय पाहून मी ते घेतलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. काकी बोलतात ते करतात. त्यांनी तोंड फिरवलं की एजवेअर गेलं, आणि एजवेअर गेलं की दोन बोगदे भरून मेथी मी साउथहॅम्प्टनच्या सीगल्सना घालणार होते.

गुरुवारी दुपारी पाऊस सुरू झाला. मी वर्कशॉपला फोन केला नाही. बसून विचार केला की पावसात मी असं काय करते जे उन्हात करत नाही. वायपर लावते, हेडलाइट लावते. काचेवर धुकं धरतं म्हणून काचेचा हीटर आणि पंखा फुल सोडते. म्हणजे पाण्याचा संबंध असेलच असं नाही. वीज खाणाऱ्या सगळ्या गोष्टी मी एकदम सुरू करते, त्याचा असेल. गाडी बाहेर काढली, सगळं चालू केलं आणि घरामागच्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वळणाला दिवे लागले, गिअर चिकटला. इतका आनंद मला त्या गाडीने आधी कधीच दिला नव्हता.

माझ्या बोगद्यांमधले पंखे एकदा असेच वेडेवाकडे चालत होते. तेव्हा दोष निघाला होता अर्थिंगचा. वीज बॅटरीतून जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते. ती वाट अरुंद झाली की सगळी यंत्रं उपाशी राहतात, आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर हा त्यातला सगळ्यात नाजूक जावई. बंद गाडीला दुसऱ्या गाडीची वीज द्यायला जाड वायर असते, त्या जंप लीडचं एक टोक मी बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, सगळं चालू केलं. शांत. लीड काढली, गाडी थोडा वेळ तशीच चालू ठेवली. दिवे हजर. पुन्हा लावली. शांत.

मग ताडपत्री अंथरून गाडीखाली गेले. इंजिनापासून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, येणारा एक जाड पट्टा असतो, वीज परतायची तीच वाट. त्याचा बोल्ट बोटांनी फिरला. पट्टा आणि चासी यांच्यामध्ये एक परकी कडी अडकवलेली होती, तिच्याभोवती हिरवट-पांढरा गंज. कडीला काळी वायर. ती वायर कंपनीनेच बसवल्यासारखी, जागोजागी टाय मारून, मागच्या हौद्यापर्यंत गेली होती. वर्कशॉपवाल्यांना ती दिसली असेल, तरी ट्रेलर ओढायच्या टो-बारची वाटली असेल. हौद्याखाली तिचं टोक टेपने गुंडाळलेलं होतं. टेप निळी होती.

आमच्याकडे निळी टेप वर्षातून एकदाच निघते. एप्रिलमध्ये, जयंतीला.

गाडी नवीकोरी असताना समितीने ठरवलं होतं की यंदा मिरवणुकीत पहिला मान हिला. आम्ही नारळ फोडत नाही, बावीस प्रतिज्ञांत ते बसत नाही. पण आता वाटतं, नारळ परवडला असता. त्यासाठी कोणी बॉनेट उघडत नाही. समितीत आमचे हे, म्हणजे हॉस्पिटलात एक्स-रे वाचणारे डॉक्टर, दोन सॉफ्टवेअरवाले आणि पुलांची डिझाइनं करणारे सचिव. हौद्यात स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि निळ्या दिव्यांच्या माळा. वायरी जोडायला एवढे हात की मला स्वतःच्या गाडीपाशी उभं राहायला जागा नव्हती. संध्याकाळी वंदना झाली, जेवणं झाली, भाषणं लांबली. आमच्या समितीत सतरंज्या घालायला सगळे येतात, उचलायला कोणी थांबत नाही. स्पीकर ज्याचे होते तो घेऊन गेला. माळा मी काढल्या. वायर राहिली.

हे घरी आले तेव्हा मी गाडीखालूनच विचारलं, “अहो, ही वायर कुणाची?”

हे वाकले. एक्स-रे बघावा तसे बराच वेळ बघत राहिले. “समितीची असेल.”

“समितीतल्या कुणाची?”

“अगं, ती तात्पुरती होती.”

“बोल्ट कुणी सैल केला?”

“कडी घालायची तर सैल करावाच लागतो ना.” मग टायवर बोट ठेवून, “पण वायर बांधलीय किती नीट, बघ.”

लोकांच्या फुप्फुसातला ज्वारीएवढा डाग ज्यांना दिसतो, त्यांना इतके महिने ही वायर दिसली नव्हती. म्हणाले, “वॉरंटी आहे, वर्कशॉपकडूनच करून घेऊ या का?”

“जरूर. आम्हीच बोल्ट ढिला करून ठेवला होता, हे तुम्ही तुमच्या चांगल्या इंग्रजीत सांगा.”

यांनी त्याऐवजी सचिवांना फोन लावला, स्पीकरवर.

“ताई, ॲम्प्लिफायरला अर्थिंग द्यावंच लागतं. सायन्स आहे ते,” सचिव म्हणाले.

“आणि काढायचं सायन्स?”

“ते सब-कमिटीकडे होतं.”

मी फोन ठेवला. कडी काढली, गंज तारेच्या ब्रशने घासला, लोखंड चमकेपर्यंत. पट्टा बसवला, बोल्ट पान्याने आवळला, वर ग्रीस फासलं. हे छत्री धरून उभे होते. छत्री बहुतेक वेळ यांच्याच डोक्यावर होती.

शनिवारी धो धो पाऊस पडला. या देशात पहिल्यांदाच मला तो बघून बरं वाटलं. वायपर, हेडलाइट, हीटर, पंखा, एकही बटण सोडलं नाही. मोटरवेवर लॉरीवाले मागे पडत होते. सर्व्हिसेसमध्ये थांबले ती फक्त डब्यातले पोहे खायला.

काकी खिडकीतच होत्या. दार उघडून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आलीस. लिंबू ठेवलं होतंस ना?”

“पोह्यांवर पिळलं, काकी.”

“पोटात गेलं म्हणजे गाडीतच होतं की!” त्यांनी मेथीच्या जुड्या निवडून घेतल्या आणि तिथेच उभ्या राहून सगळ्या बायकांना मेसेज टाकला. लेस्टरच्या माणसाचा विषय निघाला नाही. इकडे विहारात आमच्या ह्यांनी सांगितलं की “आम्ही फॉल्ट शोधला.” वर्कशॉपच्या मते शेवटच्या अपडेटने काम केलं. मी कोणाशी वाद घातला नाही. भाजी दुपारपर्यंत संपली होती.

पुढच्या एप्रिलमध्ये सचिव गाडी मागायला आले.

“गाडी देते. बॅटरी तुमची वेगळी आणा. बॉनेटला कोणी हात लावायचा नाही.”

“ताई, आमच्यावर विश्वास नाही?”

“नाही.”

बॅटरी आणली. चांगली मोठी, दोघांनी उचलून हौद्यात ठेवली. जयंती छान झाली. बॅटरी अजून हौद्यातच आहे. दर शनिवारी मी मेथीचे क्रेट तिच्याभोवती रचते.