हवाआत्या आणि हेडमास्तर

हवाआत्याबद्दल पाहुण्यांमध्ये एक गोष्ट फिरायची. सुरुवात कुणी केली देव जाणे, पण दर खेपेला तिला नवं शेपूट फुटायचं. "अगं, तिचा पहिला नवरा म्हणे याच समुद्रानं गिळला. तेव्हापासून तिनं पाण्यात पाऊल टाकलं नाही." मग दुसरी आवाज खाली आणून, "लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता म्हणे!" मग तिसरी, "च्च च्च च्च."

आता या च्च च्च च्चचा खुलासा. आत्याला नवरा एकच. पहिला, शेवटचा, आणि भिंतीपलीकडे कांदा चिरत उभा असलेला. समुद्रानं त्याला गिळलेलं नाही. उलट तोच रोज समुद्रातलं काही ना काही गिळत असतो, आणि चाळीस जणांचा स्वयंपाक करूनही वर विचारतो, "आज मीठ बरोबर होतं ना?" पाण्यात पाऊल न टाकण्याचं म्हणाल, तर त्यात भीतीबिती काही नव्हती. आत्याला सवडच नव्हती.

बेट कसलं, समुद्रात सांडलेला पेढा. त्यावर थोड्याशा खोल्या, एक लाकडी धक्का, एक होडी, दोरीवर ओळीनं वाळत घातलेले बुडीचे काळे पोशाख, आणि हे सगळं चालवणारा आत्याचा धाकटा भाऊ. तो पाहुण्यांना पाण्याखाली नेतो आणि प्रवाळ नि मासे दाखवून वर आणतो. पाहुणे खाली ज्या टाक्यांतली हवा घेतात, त्या भरायचं काम आत्याचं. म्हणून ती हवाआत्या. प्रस्तुत लेखिका ही तिची सख्खी भाची, त्यामुळे खालचे सगळे संवाद पहिल्या धारेचे आहेत.

हवेच्या खोलीत मशीन. ते चालू झालं की आख्खं बेट थरथरतं. मशीनची नळी छपरावर गेलेली. तिथून ते हवा ओढून घेतं आणि टाकीत ठासतं. टाकी भरली की आत्या चावी किंचित सोडते, नाक लावते, डोळे मिटते. अत्तराच्या दुकानात बसल्यासारखी. फरक इतकाच, की हिला वास यायला नको असतो. "हवेला वास नसतो. वास आला तर ती हवा नाही, ती भानगड आहे." या हुंगण्याची नक्कल भाची पाहुण्यांना हमखास करून दाखवते. रोज सकाळी धक्क्यावर उभी राहून ती पाहुण्यांना बजावायची, "खाली कसलाही वास आला तर सरळ वर यायचं. मासे काय, कुठे पळून जात नाहीत."

भानगडीचं मूळ भिंतीपलीकडे. स्वयंपाकघर आणि हवेची खोली यांच्यात एकच भिंत आणि वर एकच छप्पर. तेव्हा मशीन चालू असताना चूल बंद, हा नियम. मशीन लावताना आत्या बाहेरच्या खुंटीवर लाल टॉवेल टांगायची. टॉवेल दिसला की आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, हातातलं उलथनं खाली ठेवून पायरीवर बसायचे.

"अगं, झालं का? कढई तापून थंड झाली!"

"अहो, तुमची कढई थांबेल. माणसाचा श्वास थांबून चालत नाही."

"माझ्या पाहुण्यांचं पोट?"

"ते पाण्याखाली लागत नाही."

असा हा संसार. त्यात मशीन दुसऱ्याच्या हाती सोपवून आत्या स्वतः बुडी मारणार कधी? "पुढच्या सीझनला बघू," हे तिचं ठरलेलं उत्तर. तिला खाली एकच गोष्ट बघायची होती: हेडमास्तर.

हेडमास्तर म्हणजे दाराच्या फळीएवढा गोब्रा मासा. उत्तरेच्या खडकाखाली एक कपार आहे, तिथे तो राहतो. सकाळी कपारीच्या तोंडाशी येऊन येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत बसतो, ऊन चढलं की आत. दुपारी हेडमास्तर भेटत नाहीत, ही बेटावरची काळ्या दगडावरची रेघ. आलागेला प्रत्येक पाहुणा त्याला बघून यायचा आणि जेवताना त्याच्याबद्दलच बोलायचा. आत्या वाढता वाढता ऐकायची. "हो का? एवढा? अगंबाई!" ती इतक्या वेळा हे बोलली असेल, की ऐकणाऱ्यालाच वाईट वाटावं.

मग यंदा 'पुढचा सीझन' संपला. लेकीला दिवस गेले, जावई सतत फिरतीवर, आणि आत्या-काकांनी कायमचं तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. सीझनचा शेवटचा दिवस, मग सामान, मग लाँच, मग शहर. भावानं महिनाभर आधीच फर्मान काढलं, "ताई, शेवटच्या दिवशी सकाळी तू माझ्याबरोबर खाली येणार. हेडमास्तरला भेटल्याशिवाय मी तुला लाँचमध्ये चढू देणार नाही." महिनाभर तिची शिकवणी धक्क्यालगतच्या उथळ पाण्यात झाली. जमलं. डोळ्यावरच्या काचेत पाणी शिरलं तरी न घाबरता ते बाहेर काढायची, फक्त वर आल्यावर पाण्याला दोन शिव्या घालायची.

शेवटचा दिवस उजाडला. आत्याला त्या काळ्या पोशाखात कोंबायचं म्हणजे उशीला दोन नंबर लहान अभ्रा घालायचा. भाची मागून चेन ओढतेय, आत्या पुढून ओरडतेय, "अगं हळू, कातडी माझीच आहे ती!" या धांदलीत टाक्या भरायचं काम पहिल्यांदाच काकांकडे गेलं होतं. मशीन लावणं, काटा बघणं, चावी बंद करणं, सगळं त्यांना घोटून घोटून शिकवलं होतं.

पण टॉवेल लावायचा तो आत्यानं, आणि बघायचा तो काकांनी, ही वर्षानुवर्षांची वाटणी. त्या सकाळी काकांनी मशीन लावलं. स्वयंपाकघरात आले. सवयीनं खुंटीकडे पाहिलं. टॉवेल नव्हता. म्हणजे चूल पेटवायला हरकत नाही! मशीन कानाशी बोंबलतंय, ते आपणच लावलंय, आणि काकांनी निरोपाच्या जेवणासाठी परातभर लसूण तेलात सोडला.

टाक्या होडीत चढल्या. दर टाकीला नाक लावणारी बाई त्या वेळी पायात मोठाले पंख अडकवून बदकासारखी धक्क्यावरून येत होती. हुंगायचं राहून गेलं.

खाली निळं होतं. आत्याला वाटलं होतं अंधार असेल. तर चक्क उजेड. भाऊ पुढे, मागे आत्या, तिच्यामागे दोन पाहुणे. पिवळे मासे तिच्या चष्म्यासमोर येऊन तिची चौकशी करून गेले. उत्तरेचा खडक दिसू लागला, कपारीची काळी फट दिसू लागली, आणि आत्याला लसणाचा वास आला.

आधी तिला वाटलं, भास. घरची आठवण. मग तिनं नीट श्वास घेतला. खमंग, किंचित करपायला आलेला लसूण. नवऱ्याच्या हातचा. हजारांत ओळखला असता.

कपार अजून होडीभर अंतरावर. भाऊ मागे वळून हातानं बोलावतोय, ये ये. चार वेळा पंख मारले की हेडमास्तर. नुसत्या लसणानं कुणी मरत नाही, हे आत्यालाही कळत होतं. पण पाहुण्यांच्या टाक्याही त्याच मशीनच्या, आणि लसणामागून चुलीचा धूरही आत गेला असेल तर? तिनं अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ 'झकास' असा नाही. 'वर चला' असा आहे. भावानं मान हलवली, कपारीकडे बोट केलं. आत्यानं अंगठा त्याच्या नाकासमोर नेऊन धरला.

सावकाश वर येताना, एकदम वर येणं अंगाला बाधतं म्हणून मध्ये ठरलेली मिनिटं होडीच्या दोरीला धरून लटकताना, कपारीची फट पुन्हा निळ्यात विरघळून गेली. आत्या तिकडे बघत होती.

होडीत चढल्या चढल्या एक पाहुणा म्हणाला, "तरीच! मला वाटलं मलाच भूक लागलीय."

धक्क्यावर काका हात पुसत उभे. "काय गं, दिसला?"

"लसूण दिसला!"

काकांनी मशीनकडे पाहिलं. मग चुलीकडे. मग रिकाम्या खुंटीकडे. त्यांचा चेहरा असा पडला, की ओरडायला उघडलेलं तोंड आत्यानं मिटलं. "मीच घालवलं तुझं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचं."

"अहो, घालवलं काय? टाक्या रिकाम्या करायला लागा. आणि चूल बंद करा आधी, नाहीतर परत लसूणच भरला जाईल."

सगळ्या टाक्या सोडल्या. फुस्स फुस्स आवाजात आख्खा धक्का लसणानं दरवळला. दोरीवरचे पोशाखसुद्धा जेवायला बसल्यासारखे दिसू लागले. आत्यानं मशीनचा फिल्टर बदलला, लाल टॉवेल स्वतःच्या हातानं टांगला आणि टाक्या पुन्हा भरायला घेतल्या. काका पायरीवर हात बांधून बसले. त्या दिवशी कुणी जेवणाची घाई केली नाही.

टाक्या भरून नाक लावून होईतो ऊन डोक्यावर आलं. भाऊ म्हणाला, "ताई, आता तो आत गेला असेल. नुसतीच फिरून येऊ, चालेल?"

"फिरून कशाला? त्यालाच भेटायला जाऊ."

"आत्या, दुपारी हेडमास्तर भेटत नाहीत," भाची म्हणाली. "लाव पैज. दिसला, तर तू जाईपर्यंत तुझी नक्कल बंद."

"आणि नाही दिसला तर?"

"तर निरोपाच्या जेवणात सगळ्यांसमोर करणार. हुंगण्यासकट."

"लावली," आत्या म्हणाली, आणि बदकासारखी चालत होडीत जाऊन बसली.

होडी गेली. काका धक्क्यावरून हलले नाहीत. चूल बंदच. बऱ्याच वेळानं होडी परत आली, तेव्हा भाऊ नुसताच हसत होता. काकांनी विचारलं, "अगं, बोल ना! होता का?"

आत्या होडीतून उतरली. धक्क्यावर पाय रोवून उभी राहिली. मान खांद्यांत ओढून घेतली. खालचा ओठ पुढे काढला, गाल किंचित फुगवले, आणि एक डोळा सावकाश, अगदी सावकाश, भाचीवर वळवून आणला. वही घरी विसरलेल्या पोरीकडे बघतात तसा. मग तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आणि मागे मागे सरकत, पाठ न दाखवता, हवेच्या खोलीच्या दारात दिसेनाशी झाली.

त्याला पाहिल्याशिवाय हे कुणाला जमणं शक्य नाही. भाचीला दोन वर्षं प्रयत्न करूनही जमलेलं नाही. काका टाळ्या वाजवत होते, पाहुणे ओरडत होते, "परत, परत!", आणि प्रस्तुत लेखिका पैज हरून गप्प उभी होती.