सलीमने कसलेले स्क्रू

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमापूरच्या शाळेत विज्ञानाचा तास घेत होतो. फोन त्याच्या अब्बांचा, रशीदचाचांचा. "मास्तर, आपला सलीम ऱ्हायला न्हाई," एवढंच बोलले. प्रयोगासाठी परगावी गेलेला, तिथे गेस्टहाऊसवर झोपेतच गेला. मला आधी रागच आला त्याचा. हा माणूस कुठलीच गोष्ट कधी सांगून करायचा नाही...

गेवराईला आम्ही एका बाकावर वाढलो. चाचांचं मोटरसायकलींचं गॅरेज, आणि त्यांचा हा मुलगा शास्त्रज्ञ झालेला. सुट्टीत आला की मी त्याची टर उडवायचो. "दोन हिऱ्यांच्या टोकांत लोखंडाचा कण दाबत बसतोस आणि त्याचा पगार घेतोस?" तो हसायचा. "बे, त्या कणावर जमिनीच्या पोटातला दाब हाय. त्याच्यावर एक्स-रे सोडायचे. थोडे तो गिळतो, थोडे आपले करून परत फेकतो. काय गिळलं, काय फेकलं, त्यावरून आत काय चाललंय ते कळतं." मग आवाज खाली आणायचा. "दाबात लोखंड चुंबकालाबी वळखत न्हाई. दाब सोडला की पुन्हा जसंच्या तसं. जणू काई झालंच न्हाई." भर दुपारी अंगावर काटा यायचा.

त्याच्या सामानाबरोबर चुकून एक पोलादी डबी घरी आली, चुन्याच्या डबीहून जराशी मोठी. चार बारीक स्क्रूंनी आवळलेली. दोन दिवसांनी त्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा मला फोन आला. सलीमचा शेवटचा कण त्या डबीत, दोन हिऱ्यांच्या टोकांत, अजून दाबाखाली होता. काय फेकतो ते त्याने मोजलं होतं, काय गिळतो ते राहिलं होतं. स्क्रू ढिला झाला तर त्याचं काम अर्ध्यावरच संपणार. मी धावत गॅरेज गाठलं. समोर येईल ती वस्तू खोलून बघायची चाचांची जन्माची सवय, आणि स्क्रू सोडवायची किल्ली त्यांच्या हातात होतीच.

"खोलनार व्हतो," ते म्हणाले. "पन हात लावला की आतून टिक वाजतंय बघ." मी डबी कानाशी धरली. वाजलं. हिरा तडकतानाही असंच वाजतं, हे मला सलीमनेच सांगितलेलं. मी हादरून डबी खाली ठेवली.

चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत त्याची वस्तू घराबाहेर जाणार नाही, असं चाची म्हणाल्या. तो झाल्यावर मी आणि चाचा डबी घेऊन प्रयोगशाळेत गेलो. मॅडमनी तिच्यात हिरवा किरण सोडला. दाब मोजायला आत माणकाचा कण असतो, तो लालभडक पेटला. मॅडम आकड्याकडे बघतच राहिल्या. सलीमने शेवटी लिहून ठेवला होता त्यापेक्षा दाब वाढला होता. "होतं असं," त्या म्हणाल्या. "धातू हळूहळू बसतो, कुणी स्क्रू न फिरवताही दाब चढतो."

चाचांनी मान हलवली. "आसंल. पन मला इचाराल तर पोरगं आजून कसायलंय."

मोजणी पुरी झाली. आता दाब सोडायचा होता. मॅडमनी किल्ली चाचांच्याच हातात दिली. स्क्रू फिरेना. आयुष्यभर गंजलेले बोल्ट सोडवलेल्या त्या माणसाने पुन्हा जोर लावून पाहिला. मॅडम म्हणाल्या, अडकतो कधी कधी. चाचांनी किल्ली काढली, डबीवर तळवा ठेवला आणि घरच्या बोलीत हळूच म्हणाले, "बस बेटा. काम हो गया. अब छोड."

मग किल्ली दोन बोटांनी फिरली. मी तिथेच रडलो, लाज वाटली नाही.

परवा गॅरेजात गेलो होतो. नेकनूरचा एक गिऱ्हाईक घाईत उभा होता, आणि चाचा त्याच्या गाडीच्या बोल्टवर तळवा ठेवून थांबले होते. "चाचा, सोडा की," तो म्हणाला. चाचा म्हणाले, "थांब, इचारतोय."